आश्रमातल्या म्हाताऱ्या माणसाचं ७० वर्षांवरचं कार्ड काढताना

७० वर्षांवरच्यांना दवाखान्यात मोफत उपचार देणारं केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं असेल, तर आधी आधारला जोडलेला मोबाईल नंबर तपासा. पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल, पण हे आजच करा. तुमची माय, बाबा, आत्या, जे कोणी वृद्धाश्रमात असेल त्यांच्या आधारला कोणता नंबर आहे, ते सिम चालू आहे का, आणि तो फोन या घडीला कोणाजवळ आहे, हे विचारून घ्या.

मागच्या पोळ्याच्या करीला आमची मोठी माय आश्रमाच्या न्हाणीत पडली. खुबा मोडला. दवाखान्यात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर मी पिशवी उपडी केली. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, फोटो, सगळं होतं. तो म्हणाला, आधार नंबर द्या आणि ओटीपी सांगा. ओटीपी गेला मोठ्या बाबांच्या नंबरवर. मोठे बाबा जाऊन तीन वर्षं झालेली, सिमला कोणी रिचार्ज केला नव्हता. फोन लावून पाहिला तर पलीकडे अनोळखी माणूस. रिचार्ज नसलेलं सिम बंद पडतं आणि तोच नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो, हे मला तेव्हा कळलं. मग अंगठा लावला. जन्मभर निंदण केलेल्या, कापूस वेचलेल्या बोटांवर रेघा राहिल्याच नव्हत्या. एकेक करून दहाही बोटं लावली, मशीन घेईना. मोठी माय स्ट्रेचरवरून विचारत होती, "माह्या बोटाईले काय झालं रे बापू?" चेहरा दाखवून करायचीही सोय आहे, पण कण्हणाऱ्या माणसाला डोळे उघडे ठेवायला लावणं जमलं नाही. रब्बीसाठी ठेवलेले पैसे भरून ऑपरेशन केलं. ही योजना कॅशलेस आहे. पैसे भरून नंतर बिल दाखवलं की परत मिळतील, या आशेवर राहू नका.

आता नियम काय बदलले ते, कारण गावात अजून जुनीच माहिती फिरते. मोफत उपचारांची राज्याची महात्मा फुले योजना आधी पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर चालायची, मर्यादा दीड लाखाची. आपल्याकडे अमरावती विभागातले पाच जिल्हे आणि वर्धा इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबारावर ती मिळायची. जुलै २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आणि ५ लाखांपर्यंत झाली, अंमल १ जुलै २०२४ पासून. त्यानंतर २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. त्याला उत्पन्नाची अट नाही. तलाठी, तहसील, दाखला यांच्या मागे फिरू नका, मी त्यात दोन दिवस घालवले. आश्रमातल्या माणसासाठी हे फार मोठं आहे, कारण आश्रमात गेल्यावर पुष्कळांचं नाव घरच्या रेशनकार्डातून निघालेलं असतं. वय वंदना कार्डाला आधार पुरतं. सगळा भार आधारवर आला, म्हणून तर म्हणतो, नंबर तपासा.

वय आधारवरचंच धरतात. "पंचाहत्तरच्या वर असन" याला टेबलावर किंमत नाही. आधारवर ७० भरत नसतील तर घरच्या महात्मा फुले योजनेतूनच जावं लागेल, आणि तिथे सहसा रेशनकार्डातलं नाव लागतं.

घरी जुनं आयुष्मान कार्ड असलं तरी ७० वर्षांवरच्या माणसासाठी नवा अर्ज आणि नवी ईकेवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करावी लागते. आळस करू नका. या कार्डाचे वर्षाचे ५ लाख घरच्या ५ लाखांपेक्षा वेगळे असतात आणि ते लहानांच्या दुखण्याला वापरता येत नाहीत. घरात दोघं म्हातारे असतील तर तेच ५ लाख दोघांत मिळून.

नंबर बंद निघाला तर काय करायचं? माणूस हिंडता-फिरता असताना आधार केंद्रावर घेऊन जा. पडल्यावर ते होत नाही. केंद्र लांब असेल तर पोस्टमनला विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन दारी येऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून देतात, २०२१ पासून ही सोय आहे. नंबर टाकताना पुण्याला कामाला गेलेल्या नातवाचा टाकू नका. रात्री अकराला ओटीपी आला आणि तो कंपनीत ड्युटीवर असला तर काय करणार? जो दवाखान्यात सोबत जाणार, त्याचाच नंबर टाका. आणि त्याचा रिचार्ज संपू देऊ नका.

मग मोबाईलवरच्या आयुष्मान ॲपवर किंवा सेवा केंद्रावर कार्ड काढा. सकाळच्या उजेडात, माणूस चहा पिऊन निवांत बसलेला असताना चेहऱ्याची ओळख लवकर होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचीही. मोठ्या मायचं आम्ही नंतर असंच काढलं, आश्रमाच्या ओट्यावर, पाच मिनिटांत. त्या पाच मिनिटांचं काम मी वर्षभर पुढे ढकललं होतं.

कार्डाची एक प्रत आश्रमाच्या कपाटात, एक तुमच्या फोनमध्ये. आश्रमाच्या व्यवस्थापकांना सांगून ठेवा की पडझड झाली तर जवळच्या कोणत्याही खाजगी दवाखान्यात नेऊ नका, योजनेच्या यादीतला दवाखाना आधीच ठरवा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत, तेही विचारून ठेवा. आश्रमाची महिन्याची फी, सांभाळणारी बाई, डायपर, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या यातलं काहीही कार्डात येत नाही. भरती झाल्यावरचाच खर्च येतो. तो पैसा वेगळा ठेवा.

दवाखान्यात पोचल्यावर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्र. कोणी वरचे पैसे मागितले तर तिथूनच १४५५५ ला फोन करा, महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८.

सुट्टी होताना १५ दिवसांची औषधं मागून घ्या, ती पॅकेजमध्ये धरलेली असतात. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आश्रमात द्या. आणि निघण्याआधी ओटीपी ज्या फोनवर आला त्याचा रिचार्ज कधी संपतो ते बघून घ्या.