लिनक्सवर गेम खेळताय? या चुका टाळा

"मामा, प्ले दाबलं की क्षणभर स्टॉप दिसतं आणि परत प्ले. गेम उघडतच नाही!" अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारतो: गेम कुठल्या ड्राइव्हवर आहे?

दिवाळीत भाचा लॅपटॉप घेऊन आला. लिनक्स मिंट नवं टाकलेलं, विंडोजही शेजारी. शंभर जीबीचा गेम पुन्हा कोण उतरवणार, म्हणून त्यानं स्टीमला (गेम घ्यायचं आणि चालवायचं ॲप) विंडोजच्या डी ड्राइव्हवरचं जुनं फोल्डर दाखवलेलं. चालेना, तेव्हा प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) पाच आवृत्त्या बदलल्या आणि दिसेल ती कमांड टर्मिनलमध्ये चिकटवली. मला या घाईचाच राग येतो. त्या ड्राइव्हवर मी एक रिकामी फाइल बनवायला गेलो, तर उत्तर आलं: रीड-ओन्ली फाइल सिस्टिम, म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू होतं. त्यात शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हवर काही लिहीत नाही.

ते बंद केलं, तरी गेम अडलेलाच. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कॉम्पॅटडेटा फोल्डरात एक छोटं विंडोज उभं करतो आणि त्यात 'सी:' नावाची लिंक असते. विंडोजच्या नियमांत फाइलच्या नावात अपूर्णविराम बसत नाही. डी ड्राइव्ह एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या फाइल पद्धतीवर; तिथं हे कधी निभावतं, कधी नाही. मी त्या भरवशावर राहत नाही. विंडोजमधूनच डी आक्रसून घेतला, मोकळ्या जागेत ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची फाइल पद्धत) पार्टिशन केलं, त्यावर स्टीमची नवी लायब्ररी बनवली आणि गेमचं फोल्डर तिच्यातल्या 'कॉमन'मध्ये कॉपी केलं. इन्स्टॉल दाबल्यावर स्टीमनं आहेत त्या फाइली तपासून घेतल्या. ज्या डाउनलोडच्या धास्तीनं तीन दिवस गेले, ते करावंच लागलं नाही.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून हातानं बसवू नका. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला की काळा पडदा समोर येऊ शकतो. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधला घ्या. त्याआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर सिस्टिम आधीच्या स्थितीला नेता येते. मी तो घेतल्याशिवाय कर्नलला हात लावत नाही.

स्टीम सुडो लावून, म्हणजे प्रशासकाचे अधिकार देऊन, कधीच चालवू नका.

व्हॅलोरंट या गेमसाठी रात्री जागवू नका. त्याचं व्हॅनगार्ड हे फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, लिनक्सवर ते चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, पण २०२४ मध्ये लिनक्सची दारं बंद झाली. गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी उघडून बघा; कुठला गेम लिनक्सवर कसा चालतो, ते तिथं खेळणारेच नोंदवतात.

आणि गेमपलीकडचं एक: लिनक्सवर आल्यावर घरच्या जुन्या मराठी फाइली लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये अगम्य दिसल्या, तर लिबरऑफिसला दोष देऊ नका. त्या बहुधा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांआधीच्या) फॉन्टमधल्या असतात. मूळ प्रत जपून ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर युनिकोड रूपांतर करा. जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. मी आईच्या पाककृतींची वही अशीच ओळ न् ओळ वाचून काढली.