दट्ट्या, उघडी नळी आणि मी विसरलेली हवा

प्रवेश परीक्षेच्या तयारीला नव्याने लागलेल्यांना दाब, घनता आणि पास्कलचा नियम ठाऊक आहे, असे धरून मी फक्त एका गणिताविषयी लिहिते आहे. उभ्या भांड्याच्या तळाशी १०० चौरस सेंटिमीटरचा, घर्षणाशिवाय सरकणारा दट्ट्या टेकलेला आहे; त्याच्या मधोमध १० चौरस सेंटिमीटर छेदाची, वरून उघडी नळी आरपार बसवली आहे आणि दोन्हींचे मिळून वस्तुमान १.८ किलोग्रॅम आहे. नळीतून ७०० ग्रॅम पाणी ओतल्यास दट्ट्या किती वर येईल?

सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती आणि मी खोलीत दोन संध्याकाळी या गणितापाशी अडून बसले होते. खालच्या दिशेने दट्ट्याचे वजन आणि हवेचा दाब, वरच्या दिशेने फक्त पाण्याचा दाब, असे समीकरण मांडल्यावर नळीतल्या पाण्याची उंची १०.५३ मीटर येत होती, तीही ७०० ग्रॅम पाण्यात. आपल्याला भौतिकशास्त्र जमणारच नाही, असे तेव्हा मनापासून वाटले होते.

अभ्यासिकेतल्या एका दादाने उत्तर सांगितले नाही. "हवा कुठे कुठे टेकते, ते बोट ठेवून दाखव," एवढेच तो म्हणाला. दट्ट्याच्या वरच्या बाजूवरून माझे बोट नळीच्या तोंडाशी आले आणि तिथेच थांबले. नळी उघडी असल्यामुळे तीच हवा नळीतल्या पाण्यालाही दाबते, तो दाब पाण्यातून जसाच्या तसा दट्ट्याच्या खालच्या बाजूला पोहोचतो, आणि वर-खाली दोन्हीकडे ९० चौरस सेंटिमीटरच्या त्याच कड्यावर पडून पूर्ण कटतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच असल्याने इथे हवेचा दाब थोडा कमी भरतो, तरी उत्तर बदलत नाही, ते यामुळेच. चूक ओळखण्याची खूणही इथेच आहे: ७६ सेंटिमीटर पारा म्हणजे १३.६ पट, सुमारे १०.३३ मीटर पाणी. उत्तर बरोबर तेवढ्याने फुगले असेल, तर हवा एकाच बाजूला धरली गेली आहे.

आता १८०० भागिले ९०, म्हणजे दट्ट्याच्या खालच्या पृष्ठभागापासून नळीत २० सेंटिमीटर पाणी. नळीत २०० ग्रॅम गेले, उरलेले ५०० ग्रॅम १०० चौरस सेंटिमीटरवर पसरले; दट्ट्या ५ सेंटिमीटर वर आला.

क्लासमध्ये "वातावरणाचा दाब सोडूनच द्यायचा" असे सूत्र पाठ करून घेतात, ते मला घातक वाटते. नळीला बूच लावून दट्ट्यावर वजन ठेवले, की नळीत कोंडलेली हवा दाबली जाते, तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो आणि पाठ केलेले सूत्र तिथे साफ चुकते. पहिल्या प्रयत्नात हे सुटले नाही, तर खचू नका. मात्र समीकरणाआधी आकृती काढून हवा टेकते त्या प्रत्येक जागी बाण काढल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका.