जागा आपली, तरी डाव बरोबरीत? या चुका टाळा

बुद्धिबळातल्या फ्रेंच बचावात (ई४ ई६, डी४ डी५; अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा) पांढऱ्याने तिसऱ्या खेळीला ई५ खेळलं की काळा आवळला जातो. त्याच्या घोड्याचं एफ६ हे हक्काचं घर जातं आणि सी८चा उंट ई६च्या प्याद्यामागे कोंडला जातो. इथवर हौशी खेळाडू बरोबर येतात, आणि मग मिळवलेली जागा, म्हणजे मोहरी फिरवायला मिळालेली मोकळीक, घाईत परत देऊन टाकतात.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे समोर आली म्हणून केलेली मारामारी, म्हणजे मोहऱ्यांची अदलाबदल. ज्याच्याकडे जागा कमी, त्याची मोहरी एकमेकांच्या वाटेत येतात. एक जोडी पटावरून गेली की त्याची अडचण तेवढी सुटते. काळा बी६ खेळून उंट ए६वर आणू पाहतो तो आपला निकामी उंट तुमच्या डी३च्या चांगल्या उंटाशी मारून टाकायला. ते होऊ देऊ नका. डी३ला उंट आणि ई२ला वजीर असेल तर ए६वर दोघांची नजर राहते. तिथे बी८च्या घोड्याचा एकट्याचा आधार काळ्याला पुरत नाही.

दुसरी चूक: काळ्याने सी५ खेळताच डी४च्या प्याद्याने ते मारणं. ई५चा पायाच काढून घेतल्यासारखं होतं, आणि काळ्याचा उंट सी५वर आयता येऊन बसतो. साधं सी३ खेळून डी४ला आधार द्या.

पुढे काळ्याचं एफ६ येणारच. प्रत्येक खेळीआधी तो धक्का आत्ता चालतो का, हे तपासा. ई५वरून एफ६वर मारल्यानंतर ई५ हे घर तुमच्या मोहऱ्यांच्या ताब्यात राहणार असेल, तर ई६चं मागे राहिलेलं प्यादं हे तुमचं लक्ष्य. ताबा राहणार नसेल तर काळा स्वतः ई५ खेळून मोकळा होतो.

फाइल (पटाची उभी रांग) प्यादी हटवून उघडायची घाईही नडते. १९७४च्या नीस बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये कार्पोव्ह (पांढरा) विरुद्ध उन्झिकर (काळा) हा डाव फ्रेंच बचावाचा नव्हता, पण धडा तोच; त्यात ए फाइल उघडलेली होती. हत्तींची मारामारी झाली असती तर काळा सुटला असता. कार्पोव्हने २४व्या खेळीला उंट थेट ए७वर नेऊन ठेवला आणि फाइलच बंद केली! त्या उंटाच्या आडोशाने त्याने दोन्ही हत्ती ए फाइलवर एकामागे एक लावले. काळ्याला तिकडे पहारा ठेवणं भाग पडलं, आणि पांढऱ्याने दुसऱ्या बाजूला एफ४, मग एफ५ ढकललं. शेवटी वजीर एच५वरून जी६वर घुसला आणि ४४व्या खेळीला उन्झिकरने डाव सोडला. हा डाव पटावर मांडून खेळून पाहाच. जागेचा फायदा कसा वापरायचा, हे इतकं स्पष्ट दाखवणारे डाव फार थोडे.

याच्या उलट चूकही होते: दोन्ही बाजूंची प्यादी समोरासमोर अडकवून टाकणं. घुसायला वाटच उरली नाही तर जागा असून उपयोग काय? निदान एका बाजूला प्याद्यांचा ताण (एकमेकांना मारू शकतील अशी प्यादी) तसाच ठेवा आणि हत्ती तयार झाल्यावरच तिथे फोडा.

आणि डी४-ई५ भक्कम नसताना, किल्लेकोट केलेल्या आपल्याच राजासमोरची जी आणि एच प्यादी पुढे ढकलू नका. मध्यभाग फुटला की ती मागे घेता येत नाहीत.