पहाटे पाचचे कमिट

एमईच्या डिसर्टेशनसाठी गिटहबवरच्या, म्हणजे डेव्हलपर आपला कोड ठेवतात त्या साइटवरच्या, अँड्रॉइड ॲपचा अभ्यास घेतला, तेव्हा माझी समजूत अशी होती की डेटा ओढायचा, आलेख काढायचे, ब्लॅकबुक बांधून घ्यायचं. पहिला आलेख घेऊन सरांकडे गेले. ज्यांच्या प्रोफाइलवर भारतातलं गाव लिहिलेलं आहे, असे डेव्हलपर दिवसाच्या कोणत्या तासाला कमिट करतात, म्हणजे कोडमधला बदल नोंदवतात, याचा तो आलेख. पहाटे पाचला उसळी, दुपारी एकनंतर उतार. भारतीय डेव्हलपर पहाटे उठून काम करतात, असा निष्कर्षही मी खाली टाइप करून ठेवला होता. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "पहाटे पाचला? हे लोक कोड लिहितायत की रामकुंडावर स्नानाला आलेत?"

गिटहबच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामने डेटा मागायच्या सोयीतून, कमिटची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, येते. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे माझे पहाटेचे पाच हे सकाळचे साडेदहा, ऑफिसात पोचून पहिला चहा झाल्यावरचे. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट स्वतः मात्र प्रत्येक कमिटसोबत टाइमझोनही जपून ठेवतं. रिपॉझिटरी (ॲपचा कोड आणि त्याचा सगळा इतिहास) क्लोन करून, म्हणजे आपल्याकडे उतरवून, गिट लॉग काढला की +0530 समोर दिसतं. हे मला दीड महिन्यानंतर कळलं. सुरुवात करणाऱ्यांनो, तुम्ही पहिल्या दिवशी बघा. तेवढ्यातच हेही बघून ठेवा की एका कमिटला दोन वेळा असतात: कोड लिहिल्याची एक आणि तो कमिट तयार झाल्याची दुसरी. रिबेस केलं, म्हणजे जुने कमिट नव्या पायावर पुन्हा रचले, की दोन्हींत आठवड्यांचं अंतर पडू शकतं.

या विषयासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं का, असं ज्युनिअर विचारतात. नाही. डेटा उघडा आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या भाड्याच्या खोलीतून माझं सगळं काम झालं. पायथन, थोडं एसक्यूएल आणि बऱ्यापैकी संख्याशास्त्र लागतं. एपीआयला टोकन, म्हणजे आपल्या खात्याची ओळख पटवणारी किल्ली, लावा, नाहीतर तासाला 60 विनंत्यांवर गाडी अडते. टोकन असेल तर 5,000 मिळतात. इतिहास वाचायला पायड्रिलर नावाची पायथनची लायब्ररी आहे, ती शिका.

रिपॉझिटरी उपसून संशोधन करणाऱ्यांची एमएसआर ही परिषद 2004 साली एका कार्यशाळेतून सुरू झाली. 2005 मध्ये तिथे मोझिला आणि एक्लिप्स यांच्या इतिहासातून, कोणत्या बदलामुळे पुढे बग दुरुस्त करावा लागला, हे मागे जाऊन शोधण्याची रीत मांडली गेली. शुक्रवारचे बदल त्यात बदनाम झाले. ती रीत एसझेडझेड या नावाने आजही वापरतात. 2014 मध्ये त्याच परिषदेत गिटहबच्या डेटातले धोके मांडणारा निबंध आला: बहुतेक रिपॉझिटरी एकट्यादुकट्याच्या असतात आणि पुष्कळशा पडून असतात. मी तो वाचला होता, सेमिनारमध्ये सांगितलाही होता, आणि तरीही माझ्या यादीत सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच कमिटमध्ये ओतलेली ढीगभर कॉलेज-ॲप शिरली होती. शेवटी एफ-ड्रॉइड या मुक्त-स्रोत अँड्रॉइड ॲपांच्या भांडाराच्या यादीतल्या ॲपांपासून नव्याने सुरुवात केली. फोर्क, म्हणजे दुसऱ्याच्या रिपॉझिटरीच्या प्रती, काढले, आपोआप चालणाऱ्या बॉटचे कमिट काढले. ज्या टीम सगळे कमिट दाबून एक करतात, त्या वेगळ्या ठेवल्या.

पण खरं शिक्षण गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या एका ऑफिसात झालं. चार जण शेतकऱ्यांसाठी बाजारभावाचं ॲप करत होते. त्यांनी त्यांची रिपॉझिटरी मला वाचायला दिली. जवळजवळ सगळे कमिट एकाच मुलाच्या नावावर. एकखांबी तंबू, असं मी वहीत लिहूनही टाकलं. त्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. "मॅडम, ॲपवर सही करायची किल्ली, ते कीस्टोअर, माझ्या लॅपटॉपवर आहे ना. रिलीज मीच काढतो. म्हणून हे तिघं कोड झिप करून व्हॉट्सॲपवर पाठवतात, मी पुश करतो." तिघांचं वर्षभराचं काम, आणि गिटच्या लेखी ती माणसं अस्तित्वातच नाहीत. त्यांच्याकडे न जाता निव्वळ आकडेमोड केली असती, तर तो खांब माझ्या ब्लॅकबुकात कायमचा उभा राहिला असता.

मुलाखतीचं एक सांगते. "तुम्ही टेस्ट लिहिता का?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. "गेल्या आठवड्यातला बग कसा सापडला?" असं विचारा. मग कळतं की पिंपळगावच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, त्याच्या जुन्या हँडसेटवर ॲप उघडतच नव्हतं. लगेच पेन उघडू नका, आधी चहा होऊ द्या. रेकॉर्डिंगला परवानगी मात्र आधीच घ्या.

परवानगीवरून आठवलं: कमिटमध्ये ईमेल दिसतात म्हणून हजार जणांना प्रश्नावली धाडू नका. आणि माणसांवर त्यांना न सांगता प्रयोग तर नकोच. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला मुद्दाम सदोष पॅच पाठवून पाहिले होते. एप्रिल 2021 मध्ये कर्नलवाल्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणंच थांबवलं.

ॲपवरचे अभिप्राय वर्गात पाडायचं काम कंटाळवाणं असतं, पण दुसऱ्यावर ढकलू नका. मोठ्या ढिगातून 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के चुकीची मर्यादा धरली की नमुना साधारण 384 चा येतो. मी आणि रूममेट, दोघींनी एकमेकींचं न बघता खुणा केल्या आणि कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघींच्या खुणा किती जुळतात याचं माप, काढला. पहिल्या फेरीत लाज वाटावी इतका कमी आला. भांडण एकाच प्रकारच्या अभिप्रायांवरून: पाच तारे, आणि खाली "खूप छान ॲप, फक्त उघडत नाही". ही तक्रार की कौतुक? आम्ही नियम लिहिला, तारे झाकून मजकूर वाचला, पुन्हा खुणा केल्या. दुसऱ्या फेरीत जुळलं.

पेपरच्या बाबतीत माझी फसगत झाली. पैसे भरा, आठ दिवसांत छापतो, असं सांगणाऱ्या एका नियतकालिकात मी पहिला पेपर दिला. परीक्षकाचा एक शब्दही आला नाही, प्रमाणपत्र मात्र रंगीत आलं. पुढे मुलाखतीत त्याबद्दल विचारलं, तेव्हा मान खाली घालावी लागली. त्यापेक्षा एमएसआरचं मायनिंग चॅलेंज बघा. त्यात डेटासेट तेच देतात, प्रश्न आपला, आणि पेपर मोजक्या पानांचा. आपल्याकडे आयसेक ही सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची परिषद 2008 पासून भरते. तिथून नकार आला तरी सोबत कारणं येतात, आणि ती कारणं फुकट मिळालेली शिकवणी असते.

आणि स्क्रिप्ट लिहिण्याआधी एक ॲप निवडून त्याचे शंभर कमिट डोळ्यांनी वाचा. मला दोन दिवस लागले. 'फायनल', 'फायनल 2', 'आता खरंच फायनल' असे संदेश होते, आणि एका कमिटवर लिहिलं होतं: 'आई ओरडतेय, बाकीचं उद्या.' वेळ 1:40. टाइमझोन मी दोनदा तपासला. +0530 च होता.