घरी बिअर करताय? सॅनिटायझर कुठला घ्यायचा ते आधी ठरवा

घरी बिअर करायचं डोक्यात आलं की माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) कुठला, हॉप्स (कडवटपणासाठी घालायची फुलं) कुठले यात माणूस आठवडे घालवतो आणि सॅनिटायझरचं मात्र बघू नंतर. मी तर बघितलंच नाही, लाँड्रीतलं ब्लीच उचललं आणि बाटल्या त्यात बुडवल्या, विसळल्या घाईघाईत. न्यू जर्सीतल्या बेसमेंटमधली माझी पहिली 5 गॅलन बिअर, महिनाभर वाट बघून उघडली तर वास थेट दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा. क्लोरीन आणि बिअरमधले फिनॉल भेटले की क्लोरोफिनॉल तयार होतं आणि ते अगदी कणभर असलं तरी जिभेला कळतं, त्यावर इलाज नाही, सगळं सिंकमध्ये.

हे अमेरिकेतल्या हिशोबाने लिहितोय बरं का. इथे 1978 च्या कायद्यापासून दोन प्रौढांच्या घरात वर्षाला 200 गॅलनपर्यंत स्वतःपुरती बिअर करता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, त्यामुळे पुण्यातल्या मित्रांनो, नुसतं वाचा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. घासणं वेगळं आणि सॅनिटाइज करणं वेगळं. फर्मेंटरला, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याला, यीस्टचा थर चिकटलेला असेल तर कितीही भारी सॅनिटायझर ओता, थराखालचे जंतू मजेत असतात. म्हणून आधी पीबीडब्ल्यू (बिअरची भांडी धुवायची पावडर) किंवा बिनवासाचं ऑक्सीक्लीन (कपड्यांचे डाग काढायची पावडर) कोमट पाण्यात घालून भिजवायचं, मग मऊ स्पंजने पुसायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. प्लास्टिकच्या बादलीला तारेची घासणी लावायची नाही म्हणजे नाही, ओरखड्यात जंतू घर करतात. आणि तोटी खोलून धुवा, सगळी घाण तिथेच बसते.

सॅनिटाइज काय करायचं? वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) उकळून गार झाल्यावर त्याला जे जे लागणार ते सगळं, म्हणजे फर्मेंटर, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, बाहेरची हवा आत न येऊ देणारं बूच), सायफनची नळी, हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी), यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. उकळायच्या पातेल्याला गरज नाही, ते तासभर उकळतंय की.

आता मुद्द्याचं. नवीन असाल तर डोळे मिटून स्टार सॅन घ्या. फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं आहे, 5 गॅलन पाण्याला 1 औंस, म्हणजे लिटरला साधारण दीड मिली, औषधाच्या सिरिंजने मोजा, अंदाजपंचे नको. पृष्ठभाग एक-दोन मिनिटं ओला राहिला की झालं, नंतर धुवायचं नाही. हे शेवटचं आपल्या लोकांना पचत नाही. आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं की लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही, बरणी धुऊन, पुसून, उन्हात खडखडीत वाळवायची, तेव्हा हात आपोआप फडक्याकडे जातो. इथे उलटं आहे, फडकं लावलंत की फडक्यावरचे जंतू परत आत, आणि नळाखाली धरलंत तर केलेलं सगळं वाया. निथळा आणि ओलंच वापरा. फेस खूप येतो, तोही राहू द्या, एवढ्या पातळ प्रमाणात त्याने बिअरला किंवा यीस्टला काही होत नाही. मी पहिल्यांदा फेस बघून घाबरलो आणि अख्खा कार्बॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली, तिच्यातच बिअर आंबवतात) नळाच्या पाण्याने तीनदा विसळला, हसू नका.

पाणी जड असेल तर मिश्रण लगेच गढूळ होतं. किराणा दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर वापरलं तर फवाऱ्याच्या बाटलीत कितीतरी दिवस टिकतं. टिकलंय की नाही ते पीएच पट्टीने बघा, 3 च्या वर गेलं की ओतून द्या.

आयोडोफोर, म्हणजे आयोडीनवालं सॅनिटायझर, हा दुसरा चांगला पर्याय, फेस अजिबात नको असेल तर. 12.5 पीपीएमला (दहा लाख भाग पाण्यात साडेबारा भाग आयोडीन) धुवावं लागत नाही, पण बाटल्यांच्या ताकदी वेगवेगळ्या असतात म्हणून प्रमाण लेबलवरचंच घ्या. फायदा असा की रंग बघून कळतं, फिका पडला की दम संपला. तोटा म्हणजे पांढऱ्या नळ्या पिवळ्या पडतात, आणि ओट्यावर सांडलं तर घरात कोणाचं काय ऐकावं लागेल ते तुम्हाला माहितीये.

ब्लीच स्वस्त आहे, काम पण करतं, पण 20 मिनिटं ठेवा, मग उकळून गार केलेल्या पाण्याने परत परत धुवा, स्टीलला तर लावूच नका, एवढ्या भानगडी नवख्याने कशाला कराव्यात. आणि हे मात्र नीट वाचा: ब्लीच आणि स्टार सॅन कधीही एकत्र करायचं नाही, अ‍ॅसिडने क्लोरीन वायू सुटतो, बंद बेसमेंटमध्ये जिवावर बेतेल.

बाकी हाताला लावायचं जेल, डेटॉल, व्हिनेगर यांच्या नादी लागू नका. काचेच्या कार्बॉयमध्ये उकळतं पाणी तर अजिबात नको, तडकतो.

स्टार सॅनचं मूळ द्रावण ओतताना ग्लोव्हज घाला, आणि संगमरवरावर ठेवू नका, डाग पडतो तो जात नाही. फवाऱ्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. आमच्याकडे आई आली होती तेव्हा तिने त्याच फवाऱ्याने देवघरातला तांब्या पुसला, वर मला विचारते, हे इथलं पितांबरी कुठे मिळतं रे?