मदतनिधीसाठी कार्यक्रम करताना: परवानगी, पैसा आणि मांडव

वाडीतील एखाद्याच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा वादळात छप्पर उडालेल्या वाचनालयासाठी दशावतारी नाटक लावून पैसे उभे करण्याची पद्धत कोकणात रुळलेली आहे. काम चांगले असल्याने परवानगीचे कोणी विचारणार नाही, असे आयोजक धरून चालतात. प्रत्यक्षात काही बिघडले की पहिला प्रश्न येतो तो निधी कोणाच्या नावावर जमा होत होता हा, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

गावात नोंदणीकृत न्यास असेल, तर त्याने रीतसर ठराव करून त्याच्याच पावत्यांवर व बँक खात्यात निधी घेणे सर्वांत सोयीचे. तसा न्यास नसल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मधील कलम 41क अन्वये, म्हणजे गणेशोत्सव मंडळे घेतात तशी तात्पुरती परवानगी, धर्मादाय कार्यालयातून घ्यावी. एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड फलकावर छापणे मात्र कटाक्षाने टाळावे. पावतीपुस्तकांना अनुक्रमांक हवेत, आणि कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद हवी. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, तो मूळचा आपल्याच वाडीचा असला तरी, विदेशी अंशदान ठरते आणि त्यासाठी 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. देणगीदाराला आयकरातील सवलत (80जी म्हणून ओळखली जाणारी) हवी असल्यास मान्यताप्राप्त संस्थेचीच पावती लागते, आणि 2000 रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

लकी ड्रॉचा मोह अनेकांना होतो. पैसे घेऊन कूपने विकणे आणि सोडतीने बक्षीस देणे ही शासनमान्यता नसलेली लॉटरी ठरू शकते, म्हणून माझे मत विचाराल तर तो बेतच सोडून द्यावा.

जागेसाठी ग्रामपंचायतीची किंवा जमीनमालकाची लेखी संमती घ्यावी आणि पोलीस ठाण्यात पुरेसे दिवस आधी अर्ज द्यावा. ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत वापरता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सूट शासन वर्षातील मोजक्याच दिवसांपुरती देते. तेव्हा रात्रभराचे नाटक संध्याकाळी 6 वाजता सुरू करून आटोपते घ्यावे लागते, आणि ही गोष्ट दशावतार कंपनीला सुपारी देतानाच सांगावी.

किनाऱ्यावर मांडव घालायचा असेल तर आधी तिथी पाहावी. तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब कोळीवाड्यात कोणीही सांगेल. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा येते. म्हणजे चांदणे मिळावे म्हणून पौर्णिमा निवडली, तर दुपारी 5 च्या सुमारास ओहोटीच्या रुंद, कोरड्या वाळूत खांब रोवले जातात आणि प्रयोग रंगात येत असताना उधाणाचे पाणी मागच्या रांगेकडे सरकत असते. मांडव वाळूवर जिथे वाळलेल्या शेवाळाची व काटक्यांची रेषा दिसते तिच्या बऱ्याच वर, जमिनीच्या बाजूस घालावा.

वीज महावितरणची तात्पुरती जोडणी घेऊनच वापरावी; आकडा टाकणे ही वीजचोरी आहे. खाऱ्या हवेने जोड लवकर गंजतात, म्हणून वायरमनकडून भूसंपर्कन (अर्थिंग) आणि गळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच तपासून घ्यावा, वायर वाळूत न पुरता खांबावरून न्यावी. झावळ्यांच्या मांडवाला दोन मोकळ्या वाटा, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक हवेत. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक मंचामागे लिहावा आणि गाडी आत येईल इतकी वाट मोकळी ठेवण्याचे काम एकाच व्यक्तीकडे, नावानिशी सोपवावे.

वडे-चहाचा स्टॉल लावणाऱ्याकडे अन्नसुरक्षेची नोंदणी आहे ना, ते पाहावे.

प्रयोग संपताच दानपेटी किमान तिघांसमोर उघडावी, नोटांची मोजणी कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. खर्चाची बिले जोडलेला हिशेब धर्मादाय कार्यालयात देताना त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावावी. मुंबईहून आलेला चाकरमानी परतण्यापूर्वी तीच वाचून जातो.