विसरलेला पैसा सरकारकडून परत मिळवताना या चुका टाळा

मार्च २०२४ अखेर कोणीच न मागितलेले ७८,२१३ कोटी रुपये रिझर्व्ह बँकेच्या निधीत पडून होते. हे झालं फक्त बँक ठेवींचं. शेअर, लाभांश, विमा, प्रॉव्हिडंट फंड यांचा हिशोब आणखी वेगळा. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'आपकी पूंजी, आपका अधिकार' ही मोहीम काढली आणि लोक आपलं, आईवडिलांचं नाव टाकून शोधायला लागले. शोधणं आता खरंच सोपं झालंय. गाडी अडते ती त्याच्या पुढे, आणि बहुतेक वेळा ठरावीक कारणांनीच अडते.

सरकारजमा म्हणजे बुडाले, असं समजणं

खात्यात दहा वर्षं काहीच व्यवहार झाला नाही, किंवा मुदत संपून दहा वर्षं झाली तरी एफडी कोणी मागितली नाही, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भरते. बँकेत याला 'डीईए फंड' म्हणतात. हा निधी २०१४ पासून आहे. पैसे तिकडे गेले तरी मालकी तुमचीच राहते आणि मागायला मुदत नाही. व्याजाच्या ठेवींवर तिथेही व्याज चालू असतं. ११ मे २०२१ पासून दर साल ३ टक्के, सरळव्याजाने. फार नाही, पण शून्यही नाही.

विम्याचं मात्र तसं नाही. दहा वर्षं न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते आणि तिथे गेल्यापासून २५ वर्षांत दावा केला नाही तर ती कायमची केंद्र सरकारची होते. म्हणून घरात जुनी पॉलिसी आणि जुनं पासबुक दोन्ही सापडलं, तर आधी पॉलिसीच्या मागे लागा.

पैसे रिझर्व्ह बँकेकडे, म्हणून अर्जही रिझर्व्ह बँकेला

ही चूक फार होते, कारण ती तर्काला धरून वाटते. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेलं 'उद्गम' पोर्टल रिझर्व्ह बँकेचं आहे, तिथे नाव सापडतं, मग पैसेही तिथूनच मिळणार असं वाटणं साहजिक आहे. पण उद्गमवर फक्त शोध घेता येतो. दावा करायचा तो ज्या बँकेत खातं होतं त्या बँकेत. बँक तुम्हाला पैसे देते आणि मग स्वतः निधीकडून वसूल करते. उद्गमवर तुमच्या नोंदीपुढे एक संदर्भ क्रमांक दिसतो, यूडीआरएन. तो लिहून न घेता नुसतं "आमचं नाव दिसलं" म्हणत शाखेत गेलात, तर काउंटरवरचा माणूस जुनी रजिस्टरं काढायला निघतो आणि तुमचा दिवस जातो.

पासबुकावरची शाखा बंद झाली असेल किंवा तुम्ही आता दुसऱ्या गावात असाल, तरी केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची पडताळणी, त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत करता येते. निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला शुल्क नाही, आणि इतकी वर्षं किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून दंडही लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शाखेत कोणी उलटं सांगितलं तर ते लेखी मागा.

उद्गमवर काही दिसलं नाही म्हणून फाइल बंद करणं

उद्गमवर नाव दिसत नाही याचे अर्थ बरेच असू शकतात. दहा वर्षं पूर्ण झाली नसतील तर नाव येणारच नाही. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, पण निधीत जातं दहा वर्षांनी. मधल्या आठ वर्षांतली रक्कम बँकेतच असते आणि ती थेट बँकेतच विचारावी लागते.

शिवाय सगळ्या बँका त्या पोर्टलवर नाहीत. मार्च २०२४ मध्ये तिथे ३० बँका होत्या. रकमेच्या हिशोबाने त्यात ९० टक्क्यांच्या आसपास ठेवी येतात हे खरं, पण महाराष्ट्रात गल्लोगल्ली नागरी सहकारी बँका आहेत, आणि तुमच्या आजोबांनी पैसे तिथेच ठेवले असण्याची शक्यता बरीच. अशा वेळी त्या बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवर बेवारस ठेवींची यादी बघा.

आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. घरात सगळे "बँकेत ठेवलेत" असंच म्हणतात, पावती बघितली तर पतसंस्थेची निघते. तो पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जात नाही, त्यामुळे उद्गमवर कितीही शोधलं तरी सापडायचा नाही. त्यासाठी संस्थेचं कार्यालय गाठायचं. संस्था बंद पडली असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडून अवसायक, म्हणजे संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, कोण आहे ते काढायचं.

बँकेचं नाव बदललं असेल हेही लोक विसरतात. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. मराठवाड्यात ज्यांचं खातं स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होतं त्यांनी एप्रिल २०१७ पासून स्टेट बँक ऑफ इंडियात विचारायचं. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात, तर २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्र युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत. पासबुकावरचं नाव शोधण्याआधी ती बँक आज कोणाच्या पोटात आहे ते बघा.

एकच नाव, एकच स्पेलिंग

सगळ्यात जास्त शोध इथे फसतात. आधारवर जसं नाव आहे तसंच सगळीकडे असेल असं आपण गृहीत धरतो. पण १९८५ मध्ये खातं उघडताना आधार नव्हतंच. क्लार्कने ऐकलं तसं लिहिलं. 'पाटील'मध्ये कधी 'आय', कधी दोन 'ई'. 'चौधरी'ची इंग्रजी रूपं मोजत बसू नका, फक्त सगळी टाकून बघा. 'श्री'मधला 'एच' कधी असतो, कधी नसतो. आडनाव आधी आणि नाव नंतर ही आपली शाळेपासूनची सवय. कंपनीच्या भागधारक यादीत वडिलांचं नावच आडनाव म्हणून पडलेलं असतं. शिवाय 'व्ही. के.', 'एल. आर.' अशी नुसती आद्याक्षरं.

बायकांच्या बाबतीत तर दोन माणसं शोधावी लागतात. माहेरचं पूर्ण नाव आणि सासरचं पूर्ण नाव, आणि जुन्या पिढीत लग्नात पहिलं नावही बदललेलं. आजीच्या नावावर काही नाही असं ठरवण्याआधी तिच्या माहेरच्या नावाने शोधा.

उद्गमवर नावासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी काहीतरी लागतं. जुन्या खात्याला पॅन जोडलेला असण्याची शक्यता कमी, तेव्हा पॅनवर काही आलं नाही तर जन्मतारखेने बघा. त्यातही गंमत अशी की आपल्याकडे कितीतरी ज्येष्ठांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच लिहिला. खरी तारीख आणि १ जून, दोन्ही टाकून बघा. एलआयसीच्या वेबसाइटवरचा शोधही नाव आणि जन्मतारखेवर चालतो, तिथेही हेच करा.

मंडळ, ट्रस्ट, भागीदारी फर्म, सोसायटी यांची खाती व्यक्तींच्या रकान्यात येत नाहीत. संस्थांसाठी उद्गमवर वेगळा विभाग आहे. गणेशोत्सव मंडळाच्या माजी खजिनदारांनी एकदा जरूर डोकावावं.

शेअरच्या बाबतीत घाईने अर्ज भरणं

कंपनीचा लाभांश सात वर्षं कोणी घेतला नाही तर तो गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जातो. सलग सात वर्षं लाभांश घेतलेला नसेल तर त्याच्या मागोमाग शेअरही जातात. शेअर तिकडे गेल्यावर मिळालेला बोनस आणि लाभांशही तिथेच साठत राहतो, त्यामुळे रक्कम कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच मोठी निघू शकते.

हे कळलं की लोक लगेच ऑनलाइन 'आयईपीएफ-५' फॉर्म भरायला बसतात. इथे क्रम उलटा आहे. आधी कंपनी किंवा तिच्या भागधारकांच्या नोंदी सांभाळणारा रजिस्ट्रार यांच्याकडून हक्काचं पत्र, ज्याला 'एंटायटलमेंट लेटर' म्हणतात, ते घ्यायचं. त्यासाठी फोलिओची, म्हणजे कंपनीकडच्या तुमच्या शेअरखात्याची, केवायसी अद्ययावत लागते: आयएसआर-१ फॉर्ममध्ये पॅन, पत्ता, बँक खातं, आणि आयएसआर-२ मध्ये बँकेने साक्षांकित केलेली सही. १९९० मध्ये मराठीत केलेली सही आणि आजची इंग्रजी सही जुळत नाही, म्हणून ही दुसरी पायरी टाळता येत नाही. पत्र हातात आल्यावरच फॉर्म. फॉर्म ऑनलाइन भरला म्हणजे काम झालं असंही नाही. त्याची छापील प्रत, पोचपावती, मूळ इंडेम्निटी बाँड (हमीपत्र), मूळ शेअर सर्टिफिकेट, आधार, रद्द केलेला चेक हे सगळं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवायचं असतं. अर्ज भरून महिनोन्‌महिने वाट बघणाऱ्यांपैकी अनेकांनी हे पाकीट पाठवलेलंच नसतं.

शेअर परत मिळतात ते डीमॅटमध्येच, म्हणजे शेअर ठेवण्याच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात. डीमॅट खातं दावा करणाऱ्याच्याच नावाने हवं, आणि त्यावरचं नाव पॅन आणि आधारशी अक्षरशः जुळायला हवं. मुलाच्या डीमॅटमध्ये आईचे शेअर येत नाहीत.

कंपन्यांची नावंही बदलतात, तुकडेही पडतात. टेल्को पुढे टाटा मोटर्स झाली आणि २०२५ मध्ये तिचेही दोन तुकडे झाले, टिस्को म्हणजे टाटा स्टील. पुण्यात घरोघरी असलेलं बजाज ऑटोचं जुनं सर्टिफिकेट घ्या: २००८ मध्ये विभागणी झाली, जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली आणि तिच्या भागधारकांना नव्या बजाज ऑटोचे आणि बजाज फिनसर्व्हचे शेअर मिळाले. एका कागदामागे तीन कंपन्या, आणि प्रत्येक कंपनीसाठी दावा वेगळा. फक्त एकीकडे अर्ज करून बाकी दोन सोडून देणारे लोक आहेत.

वारसाचे कागद चुकीचे नेणं

तलाठ्याकडची वारसनोंद घेऊन बँकेत जाणारे खूप. ती नोंद जमिनीसाठी असते, बँकेतल्या पैशाला ती चालत नाही. दुसऱ्या टोकाला, काही शाखा रक्कम छोटी असली तरी सरसकट कोर्टाचा उत्तराधिकार दाखला मागतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार नॉमिनी किंवा हयात सहखातेदार असेल तर असा दाखला मागायचा नाही. नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचा दावा सोप्या पद्धतीने, हमीपत्र घेऊन निकाली काढायचा. सगळे कागद मिळाल्यापासून बँकेला मुदत १५ दिवसांची. शाखेत वाद घालण्यापेक्षा या निर्देशांची छापील प्रत पुढे ठेवा.

नॉमिनी असणं म्हणजे मालक होणं नव्हे, हा गोंधळ घराघरांत भांडणं लावतो. नॉमिनी पैसे स्वीकारतो. वाटणी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने होते. शेअरबाबतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. विम्यात मात्र पती, पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर हक्क त्यांचाच, असा २०१५ पासूनचा अपवाद आहे. भावंडांनी आधी एकत्र बसून हक्कसोडपत्र कोण देणार ते ठरवलं तर बँकेच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. दाव्यात एका वारसाची सही कमी, म्हणून संपूर्ण फाइल परत.

प्रॉव्हिडंट फंड आणि म्युच्युअल फंड तसेच सोडणं

जुन्या नोकरीतला पीएफ उद्गमवर येत नाही; तो ईपीएफओकडे, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे असतो. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, २०१४ मध्ये आला, त्याआधीच्या नोकऱ्यांसाठी जुना पीएफ क्रमांक लागतो आणि तो पगाराच्या स्लिपवर सापडतो. वयाच्या ५५ नंतर निवृत्त होऊन ३६ महिने रक्कम तशीच ठेवली की खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं, म्हणून इथे आळस महागात पडतो. म्युच्युअल फंडातल्या दहा वर्षं हात न लावलेल्या फोलिओंसाठी शेअर बाजाराची नियामक सेबीने २०२५ मध्ये 'मित्र' नावाची शोधसेवा आणली आहे.

टक्केवारीवर एजंट नेमणं

उद्गमवर शोध फुकट, बँकेत दावा फुकट, आयईपीएफ-५ लाही फी नाही. खर्च येतो स्टँप पेपर, नोटरी, टपाल आणि कधी कोर्टाचा. कोणी फोन करून "तुमचे शेअर सापडलेत, अमुक टक्के द्या" म्हणालं, तर त्याने जे शोधलं ते सार्वजनिक यादीतलंच असतं. वारसांचा वाद असेल, कंपन्या चार-पाच असतील, सर्टिफिकेट हरवली असतील, तर सीए किंवा वकील जरूर घ्या, पण ठरावीक फीवर. ओटीपी, कोरे सही केलेले कागद आणि मूळ सर्टिफिकेट मध्यस्थाच्या हातात देऊ नका. "विमा नियामकाकडून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय" असा फोन आला तर ठेवून द्या. विमा नियामक आयआरडीएआय बोनससाठी कोणालाही फोन करत नाही.

फाइल अडकली तर

तोंडी हेलपाटे बंद करून लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शेअरच्या बाबतीत कंपनी किंवा रजिस्ट्रार दाद देत नसेल तर सेबीचं 'स्कोअर्स', विम्यासाठी 'बीमा भरोसा', पीएफसाठी ईपीएफओचं तक्रार पोर्टल. आयईपीएफचा अर्ज एसआरएन, म्हणजे पोचपावतीवरच्या क्रमांकाने अधूनमधून तपासत राहा. त्रुटी काढून अर्ज परत आला असेल आणि मुदतीत दुरुस्ती गेली नाही तर तो फेटाळला जातो, आणि हे कळवणारा ईमेल अनेकदा फॉर्म भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याच्या इनबॉक्समध्ये पडलेला असतो. म्हणून फॉर्मवर ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच द्या.